सतरावर उडालेला टवका

शून्य.
मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. जाडजूड, तीस सेंटीमीटरची. नकाशांच्या कचेरीत आले तेव्हा माझ्या कडेवर बोट फिरवलं तर कुठेही अडत नसे.

आठ.
मतदारसंघांच्या सीमा माझ्याच कडेने आखल्या जात. दहा वर्षांनी माणसांची मोजणी व्हायची, मगच रेघा हलायच्या. आरेखककाका मला रोज पुसायचे. "हिच्यामुळे माझी अब्रू आहे," म्हणायचे.

सतरा.
एकदा घाईत काकांनी माझ्या कडेने ब्लेड ओढून कागद कापला. तांदळाएवढा टवका उडाला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रेघ ओढताना तेवढी जागा डाव्या अंगठ्याने झाकायचे.

एकोणीस.
पुढच्या मोजणीला चार वर्षं होती. तरी कचेरीचे साहेब आले. नव्या सीमा हव्यात, आजच.
"पण साहेब, माणसं कुठे मोजलीत अजून?"
"मतं मोजलीत ना? सरका!"
मला हिसकावून त्यांनी स्वतःच रेघ ओढली. काका रागाने बाजूला सरले, टवक्याचं सांगितलंच नाही. पेन खाचेत शिरलं, रेघ तिथे आत वळली. साहेबांनी न बघता सही ठोकली.
त्या तांदळाएवढ्या जागेत अकरा घरं होती. एक काकांच्या बहिणीचं.

चोवीस.
मतदानाच्या दिवशी त्या अकरा घरांना नेहमीच्या शाळेतून हाकललं. "तुमची नावं पलीकडे!" पलीकडचे ओरडले, "हे उपरे कशाला आणले?" आणि दगड सुटले. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची डोकी फोडली. बहिणीच्या नवऱ्याला गजाने मारलं. तो पुन्हा उठला नाही.

एकोणतीस.
ती कचेरीत आली, अंगावर त्याचं वाळलेलं रक्त.
"दादा, तू ओढलीस रेघ?"
"साहेबांनी. पण हा टवका माझा गं. मला माहीत होतं. बोललो नाही."
तिने मला उचललं. काकांनी टेबलावरचा हात मागे घेतला नाही. डाव्या अंगठ्याचं हाड मोडलं आणि त्याच घावात मीही.

पुन्हा सतरा.
आता मी एवढीच उरले आहे. नवा आरेखक छोट्या रेघांसाठी मला खणातून काढतो. मित्रांनो, पट्टी कुठलीही असो, रेघ ओढण्याआधी कडेवरून बोट फिरवा. अडलं तर अंगठ्याने झाकू नका. मोठ्याने सांगा, समोर कुणीही उभं असो.