किल्ल्यातल्या पुस्तकातलं नाव

शपथेवर सांगितलं तरी तुमचा विश्वास बसायचा नाही, म्हणून मी शपथ घेतच नाही. एडिंबराच्या किल्ल्यावर रोज दुपारी एकला तोफ उडते ना, ती उडाली आणि डोक्यावरून चाललेल्या एका समुद्रपक्षिणीनं धसक्यानं माझ्या हातातल्या टोपीत अंडं घातलं!

"उकडलेलं होतं का रे, वॉटी?" डूगल म्हणाला. हिवाळ्यात आमच्या बोलिंग क्लबाचं मैदान बंद असतं, पण शनिवारचा चहा चालू असतो. आणि माझ्या गोष्टीत खोडा घालायला डूगलही हजर असतो.

"अर्धंकच्चं. तोफेची आच कमी पडली."

म्हातारे खोखो हसले. पलीकडच्या टेबलाशी माझी बायको ईझबेल स्कोनच्या छोट्या पावांना लोणी लावत होती, बोटानं कडा चाचपून, अंदाजानं. ती हसली नाही.

जूनमध्ये आम्ही दोन दिवसांसाठी एडिंबराला गेलो होतो, ते तिच्या वडिलांसाठी. ती आईच्या पोटात असताना महायुद्धात त्यांची सुरुंग काढणारी बोट समुद्रात फुटली. थडगं नाही, काही नाही. किल्ल्यातल्या स्मारकात लाल पुस्तकं ठेवलीत, त्यात नाव आहे, तेवढंच. ती आयुष्यभर 'जाऊ कधीतरी' म्हणत राहिली. मग डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, येत्या हिवाळ्यात अक्षर दिसायचं नाही. तिनं एक भिंग आणलं, दुकानदारानं फडक्यात गुंडाळून दोऱ्यानं बांधून दिलेलं तसंच पर्समध्ये ठेवलं आणि माझ्या किल्टला, आमच्या त्या चौकड्यांच्या स्कॉटिश घागऱ्याला, इस्त्री केली.

"बाबांसमोर जायचंय," म्हणाली. "माणसासारखा दिस."

पहिला दिवस तिच्या भाचीनं क्वीन्सफेरीला नेऊन पूल दाखवण्यात घालवला. "उद्या पाचच्या आत किल्ल्यात शिरा हं, मावशी," ती म्हणाली. "नंतर आत घेत नाहीत."

दुसऱ्या दिवशी आम्ही बारालाच चढ चढत होतो. घात केला तो किल्टनं. एका परदेशी बाईनं विचारलं, "तुम्ही वाटाडे का?" नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्यातून 'हो' बाहेर पडलं.

मग काय! समोरची गल्ली इतकी अरुंद, मी म्हणालो, की भांडलेली दोन माणसं आत समोरासमोर आली तर लग्न केल्याशिवाय सुटत नाहीत. पायऱ्या झिजल्यात त्या एका राजाच्या गाईमुळे, तिला माळ्यावरचंच गवत गोड लागायचं. पाच माणसांची पन्नास झाली. तोफ उडाली, अंड्याची गोष्ट तिथंच सुचली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऐंशी वर्षांत माझ्यासाठी इतक्या टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या.

ईझबेलनं बाही ओढली. "वॉटी, चल ना."

"पाच मिनिटं गं."

तासाभरानं तिनं पुन्हा ओढली. मी म्हणालो, "अगं, ही माणसं कुठून कुठून आलीत!"

ती काय तिथल्याच शेजारच्या गल्लीतून आली होती? ती बावीस वर्षांची असल्यापासून मी ओळखतो, तिनं माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. तिसऱ्यांदा तिनं बाही ओढलीच नाही. एका दुकानाच्या पायरीवर, पर्स मांडीवर घेऊन, दोन्ही हात त्यावर ठेवून बसून राहिली. मी तिला पाहिलं. पाहून नजर वळवली आणि गाईला दुसऱ्या मजल्यावर चढवलं.

"मग?" डूगलनं चहाचा कप खाली ठेवला. "अंडं राहू दे. तिच्या बापाचं नाव सापडलं का?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी बुटांकडे बघितलं. खरं काय ते सांगून टाकावं, तेवढ्यासाठीच त्या दिवशी मी क्लबात आलो होतो. पण जीभ जन्माची खोडकर.

"सापडलं म्हणजे?" मी म्हणालो. "आम्ही पोचलो आणि पुस्तकाचं पान आपोआप उलटलं! सोन्याची अक्षरं, एवढाली! ईझबेलनं भिंग धरलं, आणि नावावर ऊन पडलं..."

लोण्याची सुरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. ईझबेल टेबल चाचपत आमच्यापाशी आली. तिनं पर्स उघडली आणि फडक्याची गुंडाळी माझ्या बशीशेजारी ठेवली. दुकानातली दोऱ्याची गाठ तशीच होती.

"खोटं बोलतोस, वॉटी," ती म्हणाली. "आपण पोचलो तेव्हा फाटक बंद झालं होतं."