मालनबाईंचं चिबड

"मालनबाई, यंदा अळू लावलंत की खाजकुइली?"

दातारकाकूंनी पाटीसमोर उभं राहून सगळ्या वारज्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. मालनबाई जुड्यांवर पाणी शिंपडत होत्या, त्यांचा हात तसाच थांबला.

"का हो काकू? काय झालं?"

"व्हायचंय काय? नातीचा साखरपुडा होता. निम्मी पंगत घसा धरून उठली. व्याहीबुवांनी तर ताकाचं भांडं शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही. चिंच घातली होती, गूळ घातला होता, सगळं रीतसर. चाळीस वर्षं अळूची भाजी करतेय मी. तेव्हा माझी चूक काढू नका."

"न्हाई काढत," मालनबाई म्हणाल्या.

"आता ऋषिपंचमीला कुणाकडून घ्यायचं ते बघायला हवं," असं म्हणून दातारकाकू शेपूची जुडी बघायला पुढच्या पाटीकडे गेल्या. पुणेरी बाई रागावली तरी भाजी न घेता घरी जात नाही.

मालनबाईंनी उरलेल्या जुड्या विकल्या नाहीत. घरी नेऊन डाळ-दाणे घालून शिजवल्या आणि ताटलीत घेऊन एकट्या खायला बसल्या. दुसऱ्याच घासाला घसा खवखवला. त्यांनी ताटली बाजूला सारली. तीस वर्षांत त्यांच्या अळवाला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

हे अळू यायचं डोंगराच्या पायथ्याच्या चिबडातून. चिबड म्हणजे बारा महिने पाणी धरून बसलेली जमीन. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या दिरांनी रस्त्याकडची रानं घेतली आणि जे कोणालाच नको ते धाकट्याच्या, म्हणजे मालनबाईंच्या नवऱ्याच्या पदरात टाकलं. वरून झरा, खाली निळी चिकणमाती, आणि मध्ये कमरेएवढा काळाकुट्ट गाळ. पिढ्यान्‌पिढ्यांची पाणकणसं आणि लव्हाळे त्यात पडून अर्धवट कुजलेले. मूठभर दाबला तर चहासारखं पाणी गळे आणि हातात नुसत्या मुळ्या उरत. पाय टाकला की बुडबुडे येत आणि सडक्या अंड्याचा वास सुटे. सासऱ्यांच्या काळात एक बैल त्यात पोटापर्यंत रुतला होता. त्याला काढायला निम्मा गाव लागला, आणि तेव्हापासून त्या जमिनीवर बैलाचा खूर पडला नाही.

नवरा लवकर गेला. मालनबाईंनी त्या गाळात अळवाचे कंद लावले, आणि ते असे माजले की एकेक पान सुपाएवढं. त्यातून ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. मालनबाईंच्या चिबडात तर बैल जाऊच शकत नाही, मग याहून सोवळं अळू कुठून आणायचं? आता शेतात बैल राहिलाय कुठे, तो शर्यतीच्या घाटात पळतोय, असं कोणी म्हणालं तर म्हणो. पंचमीच्या आदल्या दिवशी चौकात मालनबाईंच्या पाटीभोवती बायकांची झुंबड असायची ती असायचीच. दिरांच्या रानांवर बारा-बारा मजले चढले. चिबडाला पायाच लागेना, म्हणून बिल्डरांनी ते सोडलं, म्हणून ते उरलं.

ते बिघडलं ते मायेपोटी. साईनाथ, त्यांचा मुलगा, हिंजवडीच्या कंपनीची बस चालवायचा. गेल्या थंडीत एका संध्याकाळी आई अंगणात पाय धूत बसलेली त्यानं पाहिली. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन कातडी सोललेली, टाचा पांढऱ्याफटक. त्याला भडभडून आलं.

"बास झालं आता," तो म्हणाला. "जेसीबी आणतो. ओढ्यापर्यंत एक चर मारू. वरचं पाणी निघून जाईल, अळू हाय तिथंच र्‍हाईल आन्‌ तू कोरड्यात उभी राहून काप."

मालनबाईंनाही ते पटलं. पोरगं आपल्या पायांकडे बघून रडतंय याचंच त्यांना इतकं अप्रूप वाटलं की पुढचं काही सुचलं नाही. हो म्हणाल्या.

जेसीबीनं सकाळी चर मारला आणि तिसऱ्या प्रहरी चिबडातून काळं पाणी ओढ्याला लागलं. मालनबाई पहिल्यांदा चपला घालून आपल्या रानात फिरल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोला? वास गेला, डास गेले, शेजारच्या सोसायटीनं साईनाथला पेढे दिले. मग हळूहळू जमीन खाली बसायला लागली. कुंपणाचे खांब वीतभर उंच दिसू लागले. खांब उंच झाले नव्हते, रान खचलं होतं. भेगा पडल्या, त्यांत हात जाई. गाळ सुकून शेणीसारखा हलका झाला. अळू मेलं नाही, पण पानं तळहाताएवढी राहिली. आणि पाणी तुटल्यानं आता ती खाजरीही निघाली.

दातारकाकू येऊन गेल्या त्याच आठवड्यात सोसायटीचा वॉचमन धावत आला. "मावशी, तुमच्या जागेतून धूर येतोय!"

कोणीतरी विडीचं थोटूक टाकलं असणार. ज्वाळ कुठेच नव्हती. जमिनीतल्या फटींतून धूर येत होता, आणि पाय ठेवला तर चटका बसे. बंब आला. पाण्याचा फवारा मातीवर पडला आणि थेंब थेंब होऊन घरंगळून गेला. आत मुरेचना. जी माती तीस वर्षं पाणी सोडायला तयार नव्हती, ती आता पाणी घ्यायला तयार नव्हती. शेवटी जवानांनी फावड्यानं जळते थर उकरून काढले, तेव्हा कुठे धूर थांबला. मालनबाई त्या काळ्या खड्ड्यांकडे बघत उभ्या होत्या. नवरा गेला तेव्हाही त्यांना इतकं उघडं वाटलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला त्या म्हणाल्या, "साईनाथ, चर बुजवायचा."

साईनाथचा घास हातातच राहिला. त्याची बायको नम्रता त्याच्याकडे बघू लागली, कारण एक गोष्ट आईला अजून सांगायची होती.

"आई, आमच्या मालकाला बशी लावायला जागा पायजे. मुरूम टाकून देतो म्हनला. जागा आपली, तर मला पार्टनर करून घेनार हाय. लाइफ सेट होईल. मला किती दिवस दुसऱ्याची गाडी चालवायची?"

"तुला कधी बोलला?"

"शिमग्यात."

"म्हंजी जमीन वाळायच्या आधी तू तिच्यावर बशी उभ्या केल्यास."

"तसं न्हाई गं. चर तुझ्या पायांसाठीच मारला. शप्पथ." आणि ते खरंच होतं. "पर आता वाळलीच हाय तर... तुझे पाय बघ आई. पुन्हा त्या घाणीत उतरनार?"

"पाय माझं हायती. घाण बी माझीच हाय," मालनबाई म्हणाल्या. "त्या घाणीवर तू मोठा झालास. तुझ्या चुलत्यांनी टाकून दिलेलं म्या पिकवलं. सातबारा माझ्या नावावर हाय, साईनाथ. मुरूम टाकू द्यायची न्हाई."

साईनाथ ताटावरून उठला. त्यानं आईशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

मालनबाईंनी वाट पाहिली नाही. जेसीबीनं चर खणताना तळची निळी चिकणमाती काठावर फेकली होती. तिची आता राखाडी ढेकळं झाली होती, जुन्या मुळ्यांच्या जागी आत गंजाच्या रेघा. मालनबाई ती ढेकळं फोडायच्या, भिजवायच्या, पायानं तुडवायच्या आणि लोण्यासारखी झाली की चराच्या तोंडाशी थापायच्या. थर वाळायच्या आत त्यावर दुसरा. पाठ भरून आली की बांधावर आडव्या व्हायच्या. गुडघे तर बोलायचेच. नम्रता कामावर जाता जाता थर्मास ठेवून जायची. एकदा तिनं साडी खोचून दोन पाट्या उचलल्यासुद्धा. "ह्यांना सांगू नका," म्हणाली.

चराचं तोंड बंद झालं. झऱ्याचं पाणी अडलं, साचलं, आषाढात काठोकाठ आलं. पण बरीचशी माती आता पाण्यात बसेना. वाळलेला गाळ चहाच्या पत्तीसारखा वर तरंगत राहिला. लावलेले कंद कडेला कुजले. फक्त मधल्या खोलगट जागी, जिथली ओल कधी गेलीच नव्हती, तिथे अळू धरलं. श्रावणाच्या शेवटी मालनबाईंनी त्यातली दोन पानं शिजवून खाल्ली. घसा शांत राहिला. त्यांनी डोळे पुसले आणि ताटली चाटूनपुसून साफ केली.

गणपती बसले त्या दिवशी आरती आटोपल्यावर त्या विळा घेऊन चिबडात उतरल्या. दुसऱ्या दिवशी पंचमी. चौकात त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "थोडंच हाय, पर आपलं हाय."

अर्ध्या वाटेवर डावा पाय गेला तो मांडीपर्यंत गेला. उपसायला गेल्या तर उजवाही रुतला. ओरडायची त्यांना लाज वाटली. विळा जवळच्या लव्हाळ्यात खोचून त्या तशाच उभ्या राहिल्या.

नम्रतानं खिडकीतून पाहिलं असावं. थोड्या वेळानं साईनाथ बांधावर आला, पूजेचा नवा कुर्ता, कपाळाला गंध. त्यानं कुर्ता काढला, पॅन्ट वर सारली आणि एक पाय पाण्यात घातला.

"आई," इतक्या महिन्यांनी तो म्हणाला, "पाय कुठं टाकू?"

मालनबाईंनी सांगायला तोंड उघडलं. पूर्वी अंधारातसुद्धा सांगितलं असतं, या लव्हाळ्याच्या गड्ड्यावर, मग उजवीकडे, त्या पाणकणसाला धरून. पण गड्डे जळून गेले होते आणि खालचा तळ कुठे किती खचला याचा पत्ता नव्हता. रान पुन्हा ओलं झालं होतं, पण ते आता त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

"मला बी आता ठावं न्हाई रं," त्या म्हणाल्या. "चाचपत ये."

तो चाचपत आला. दोनदा गुडघ्याच्या वर बुडाला, पण आला. आईला काखेत धरून त्यानं ओढून काढलं आणि बांधाकडे वळवू लागला. मालनबाई वळल्या नाहीत. त्यांनी विळा काढून घेतला आणि मधल्या अळवाकडे बोट केलं.

साईनाथनं एकदा त्या पानांकडे पाहिलं, एकदा आईच्या पायांकडे. मग तो पुढे झाला. एकेक पाय दाबून बघे, आणि "धरतंय" म्हणाला की त्या त्याच्यामागे पाऊल टाकत.