देव्हाऱ्यात कोंडलेलं माईंचं कीर्तन

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. भक्तिभावाने माझी माती कशी केली, त्याची कथा सांगते. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे आणि मला राग आला आहे.

पंचवटीतल्या एका लहानशा मंदिरात रामनवमीला माईंनी कीर्तन केलं, ते माझ्या फितीवर उतरलं. पेटीवर त्यांचे यजमान, नाना. पुढे माई देवाघरी गेल्या. त्यांचा आवाज उरला तो फक्त माझ्यापाशी.

आणि नानांनी मला ठेवलं कुठे? देव्हाऱ्यात! रोज तीर्थाचे शिंतोडे, उदबत्तीचा धूर, दर गुरुवारी हळदकुंकू. सून उत्तरा मला हात जोडी. लावून मात्र कुणी पाहिलं नाही. "हात लावायचा नाही, माई आहेत त्यात," असं नाना बजावत. अहो, माई होत्या म्हणूनच तर ऐकायचं होतं!

शेवटी नात यशश्री चिडली. "नाना, मला आजीचा आवाज ऐकायचाय."

"सोवळ्यात आहे ती."

"मग सोवळ्यातच गुदमरेल."

दुसऱ्या दिवशी नाना नातीबरोबर मला रविवार कारंजाजवळ योगेशच्या दुकानात घेऊन आले. तो जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देतो. त्याने माझं झाकण उचललं. फितीवर पांढरी बुरशी, कडेला कुंकू.

"काका, ही कॅसेट आहे की देवाचा टाक?"

नाना ओशाळले.

योगेशने मला पुसून लावलं. पडद्यावर माई उभ्या राहिल्या. शबरीचं आख्यान रंगात आलं; राम अजून वाटेतच होता. मध्येच मागे वळून म्हणाल्या, "पेटीवाले, जागे आहात ना?" मंडप हसला.

"जागा आहे गं," दुकानात नाना पुटपुटले.

तेवढ्यात चित्र फाटलं, आवाज खरखरला. पुढे नुसत्या मुंग्या.

"एवढंच निघालं, काका."

यशश्रीने विचारलं, "नाना, पुढे आजी काय म्हणाली होती?"

नाना आठवू लागले. "कथा सगळ्यांना ठाऊक आहे गं. पण ती कशी सांगायची... नाही आठवत."

मित्रांनो, तुमच्या घरी माझी भावंडं असतील तर त्यांना ओवाळू नका. कोरड्या जागी ठेवा, वेळेत दुसरीकडे उतरवून घ्या, आणि मुख्य म्हणजे ऐका. माझा राग काही जायचा नाही. पण एक मागणं आहे. कधी कीर्तनाला बसलात तर माईंची आठवण काढा. त्यांचा राम अजून शबरीच्या झोपडीपर्यंत पोचलेला नाही.