ताईच्या फाईलचे नऊ सेक्टर

धाकट्यानं केबल जोडली. बेचाळिशी ओलांडली तरी घरीदारी सगळे त्याला धाकटाच म्हणत; जुन्या हार्ड डिस्कमधली अडकलेली माहिती बाहेर काढणं हा त्याचा धंदा. आज समोर दवाखान्यातल्या वाचाबाईंची, म्हणजे बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंची, डिस्क होती. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार, त्यांचं बोलणं या बाई आधीच तासन्‌तास रेकॉर्ड करून ठेवायच्या. मग पुढं माणसानं टाइप करायचं आणि यंत्रानं त्याच्याच आवाजात बोलायचं. अशी बावीस माणसं, आणि सगळी या एका चौदा वर्षांच्या थेरड्या डिस्कवर! दुसरी प्रत? "घेऊ की पुढच्या आठवड्यात," असं बाई गेली सहा वर्षं म्हणत होत्या.

बाविसांचीही ऑपरेशनं उरकली होती. पुन्हा रेकॉर्ड करू म्हटलं तर आवाज आणायचा कुठून? त्यातली एक धाकट्याची सख्खी ताई. ती शेजारीच बसली होती, मांडीवर पाटी आणि पेन्सिल घेऊन.

डिस्क टक टक करत होती. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर आकडे सरकत होते. या कामाचा नियम एकच, आणि तो धाकट्यानं आजवर शंभर जणांना दमात घेऊन सांगितलेला: आधी धडधाकट जागा उचला. बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा बिघडलेला कप्पा, आला की वळसा घालून पुढं निघा, त्याच्या नादी सगळ्यात शेवटी लागा. मरायला टेकलेली डिस्क एकाच खराब जागी खरवडत बसलात तर जीव सोडेल, आणि चांगलंही सोबत घेऊन जाईल.

साठ टक्के झाले. चौदा जण सुखरूप बाहेर आले. वळसा घातलेले नऊ सेक्टर तेवढे मागे राहिले होते. कोणाचे आहेत बघू तरी, म्हणून त्यानं ते कुठल्या फाईलमध्ये पडतात ते शोधलं. नऊच्या नऊ ताईच्या फाईलमधले.

टकटक वाढत चालली होती. पुढचे सात जण निघेपर्यंत ही डिस्क टिकलीच नाही तर? ज्या आवाजानं त्याला दामटून शाळेत पाठवलं, आई गेली तेव्हा फोनवर "मी आहे ना रे" म्हटलं, तो कायमचा गेला तर?

ताईनं पाटी पुढं केली. "कसं चाललंय?"

"चाललंय गं," तो म्हणाला. त्यानं चालू काम थांबवलं आणि डिस्कला सरळ त्या नऊ सेक्टरांवर सोडलं. ताईला त्यातलं काही कळलं नाही.

डिस्क कण्हायला लागली. एक आला. चार आले. एकेका सेक्टरला वीस वीस खेपा. "ये ना बाई, एवढं एकदा ऐक," तो मनातल्या मनात गयावया करत होता. नववा आला, आणि पाठोपाठ आतून पत्रा ओरबाडल्यासारखा आवाज झाला. मग सगळं गार. पडद्यावर एकच ओळ: डिस्क सापडत नाही. त्यानं केबल काढली, पुन्हा लावली, दुसरी लावून पाहिली. डिस्कनं हूं की चूं केलं नाही.

"ताई, तुझा आवाज निघाला."

तिचा चेहरा खुलला. तिनं त्याचा हात घट्ट दाबला आणि लगेच लिहिलं, "मास्तरांचा?"

मास्तर सकाळपासून बाहेरच्या बाकावर ताटकळत होते. दवाखान्यात ताईच्या शेजारच्याच खाटेवर असायचे. त्यांची फाईल उरलेल्या सातांत होती. डिस्कच जुनी हो, असं म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? धाकट्यानं मान खाली घातली. ताईनं पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, "मास्तरांचा?"

तेवढ्यात दार ढकलून मास्तर आत आले आणि त्यांनी भुवया उंचावून त्याच्याकडे पाहिलं. धाकटा उठला.

"मास्तर, डिस्क गेली. तुमचं आधी घ्यायला हवं होतं. मी मध्येच थांबवून ताईचं काढलं. तुमचा आवाज मी घालवला."

मास्तरांनी बोलायला म्हणून तोंड उघडलं, आणि गळ्याला बांधलेल्या फडक्यामागून नुसती हवा आली.