मागचं पाऊल

"आता मागं सरू नको रं," मानेवर ओलं फडकं ठेवत पुंजाराम म्हणाला. "हितं मागं सरला त्यो हारला, असं धरत्यात."

पंढरी स्टुलावर बसला होता. दोन फेऱ्या झाल्या होत्या, एक उरली होती, आणि त्याला धड धापही लागलेली नव्हती. समोरच्या कोपऱ्यात महादूच्या नाकातून रक्त गळत होतं, उजवा डोळा सुजून बारीक झाला होता, पण टाळ्या त्यालाच पडत होत्या. पंढरीच्या तोंडावर ओरखडासुद्धा नव्हता.

"त्याला माझा हात किती बसला, ते बघितलं नाय का कुनी?"

"बघितलं की. पन तू पळतोस आन् त्यो तुझ्यामागं लागतो, येवढंच दिसतंय त्यांना. आंधळी कोशिंबीर चाललीय म्हनं." पुंजाराम त्याच्याच गावाकडचा, नगर जिल्ह्यातला. खोटं बोलून धीर द्यायची त्याला सवय नव्हती.

सव्वीस जानेवारीची दुपार होती. तारापूरच्या वीज केंद्राचं बांधकाम आटपत आलं होतं, आणि एका ठेकेदाराच्या आवारात चार वासे रोवून, त्यांना काथ्याचे दोर बांधून हे रिंगण केलं होतं. ठेकेदाराच्या इंजिनिअर साहेबांना बॉक्सिंगचं भारी वेड. हातमोजे त्यांनीच मुंबईहून आणवले. ठेकेदाराचं बोईसरला कायमचं गोदाम होणार होतं, त्यावर पहारेकरी हवा होता. जो जिंकेल तो पहारेकरी, असं साहेबांनी जाहीर करून टाकलं. बाकीच्यांना उन्हाळ्यात रजा मिळणार होती, आणि ती परत न येण्याची रजा होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

निकाल साहेबच देणार होते. पण आदल्या दिवशी वडील आजारी असल्याची तार आली आणि ते निघून गेले. पंचाची शिट्टी पडली विश्राम मुकादमाच्या गळ्यात. विश्राम साताऱ्याकडचा. सरळ माणूस, कुणाच्या चहालाही मिंधा नसणारा. वशिल्याचा पंच असता तर निदान त्याच्या हातापाया पडता आलं असतं. विश्रामचं अर्धं आयुष्य कुस्तीच्या फडात गेलेलं. जो अंगाला अंग भिडवत नाही तो चुकार, हे त्याच्या हाडात भिनलेलं होतं. बॉक्सिंग म्हणजे उभ्यानं खेळायची कुस्ती, असा त्याचा प्रामाणिक समज होता.

आणि पंढरीची सगळी विद्याच मागच्या पावलात होती. पूर्वी तो पलटणीत होता, तिथल्या हवालदारानं ती त्याच्यात उतरवली होती. मारणं काय, बैलालाही येतं, हवालदार म्हणायचा, लागू न देणं शिक. डावा हात सरळ पुढे टाकायचा, तो मारायला कमी आणि समोरच्याला लांब ठेवायला जास्त. पायाला पायाची अढी पडू द्यायची नाही. समोरच्याच्या मुठीकडे बघायचं नाही, खांद्याकडे बघायचं, कारण मुठीच्या आधी खांदा हलतो. खांदा हलला की मागचं पाऊल वीतभर मागे, ठोसा नाकासमोरून वाऱ्यावर जातो, आणि तो परत जायच्या आत आपला डावा त्याच्या तोंडावर. मग पुन्हा आपण तिथे नसायचं. जाणकाराला यात मोठी गंमत वाटते. ज्याला कळत नाही त्याला वाटतं, हा भ्यालाय.

पंढरीला त्या गोदामाचं तसं काही पडलेलं नव्हतं. खरं म्हणजे गेल्या पावसाळ्यापासून त्याला कशाचंच काही पडलेलं नव्हतं. तीन वर्षांची उषा तापानं गेली तेव्हापासून. एवढ्या लहान पोरांना जाळत नाहीत, पुरतात. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांच्या मागे सुरूची झाडं होती, तिथल्या रेताड जमिनीत पंढरीनंच खड्डा खणला, वर दगड रचले, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या काट्या टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. माणसं म्हणाली, काळजाचा दगड आहे. त्यालाही तसंच वाटलं. रडू येईल म्हणून त्यानं बरेच दिवस वाट पाहिली. आलं नाही.

रत्नाबाईचं, त्याच्या बायकोचं, दुःख मात्र रोज उठून चालू लागायचं. संध्याकाळी भाकरी झाल्या की ती सुरूच्या झाडांकडे जायची, काट्या सारख्या करायची आणि बसून राहायची. गोदामाची गोष्ट कानावर आली त्या दिवशी तिनं त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "जाळली असती तर मूठभर राख तरी संगं नेली असती. आता हिला कशी नेऊ? तुमी ती नोकरी मिळवा. बोईसरावनं मला चालत येता येईल. मला दुसरं काय बी नको."

त्यानं मान डोलावली होती.

शिट्टी झाली. पंढरी उठला तो ठरवूनच. आता हलायचं नाही. खाऊ दोन-चार ठोसे, चार देऊ, सगळ्यांना दिसेल. महादू मुंडी खाली घालून आला. जवान पोरगा, मनगटात घोड्याचं बळ. त्याचा खांदा हलला. पंढरीनं पाय रोवले होते, निदान त्याला तसं वाटलं होतं. पण ठोसा वाऱ्यावर गेला आणि त्याचा स्वतःचा डावा हात महादूच्या नाकावर बसलेला त्याला दिसला. पाऊल कधी मागे गेलं ते कळलंच नाही. पुन्हा ठरवलं, पुन्हा तसंच. इतक्या वर्षांची शिकवण पायांत मुरली होती, पाय धन्याचं ऐकेनात. लोक ओरडत होते, कुणी म्हणालं, बायकोचं लुगडं नेस. उषाचं नाव त्यानं मनातल्या मनात घेऊन पाहिलं. त्यानंही आत काही हललं नाही. पाय तेवढे हलले.

फेरी संपली. विश्राम मुकादमानं घटकाभर विचार केला आणि महादूचा हात वर केला.

"गड्यानं येकदा बी पाऊल मागं घेतलं नाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

माणसं पांगल्यावर महादू नाकाला चिंधी लावून जवळ आला. "अण्णा, तुमीच जिकला व्हता. मला तर निम्मा येळ दिसत बी नव्हतं." त्यानं चिंधी उलटी करून पुन्हा नाकाला लावली. "पन मुकादमाला सांगू नगा. गावाकडं आय येकली हाय."

"नाय सांगत," पंढरी म्हणाला. त्याला पोराचा राग आला नाही. मुकादमाचाही आला नाही. राग आला असता तर बरं वाटलं असतं.

खोलीला कडी होती. तो मागे गेला. उतरत्या उन्हात रत्नाबाई दगडांपाशी बसली होती. वाऱ्यानं सरकलेली एक काटी तिनं नीट केली आणि मान वर केली.

"हारलो," पंढरी म्हणाला.

ती उठून त्याच्यापुढे आली. त्याच्या हनुवटीला धरून तिनं त्याचं तोंड उजेडाकडे फिरवलं, एक गाल पाहिला, मग दुसरा.

"कुटं लागलंय?"

"कुटंच नाय."

"मग हारला कसं?"

हे तिला कसं सांगायचं? डावा हात, खांदा, मागचं पाऊल, कुस्तीचा पंच. मुकादमाला जे कळलं नाही ते तिला इथे, पोरीच्या दगडांपाशी, कुठल्या तोंडानं समजवायचं?

"तोंडावर वळ बी नाय," रत्नाबाई हळूच म्हणाली. "पोरीसाठी येक ठोसा खाल्ला नाय तुमी. ती गेली तवा बी आसंच. तुमी आपलं बाजूला."

तिचा खांदा हलला. पंढरीला तो आधी दिसला, नेहमीसारखाच दिसला. मूठ त्याच्या छातीवर बसली. दुसरी गळ्याजवळ. मग ती दोन्ही हातांनी मारत राहिली, बडवत राहिली, तोंडातून शब्द न काढता. प्रत्येक वार त्याला येताना दिसत होता. हातातल्या बांगडीची काच त्याच्या ओठाला चाटून गेली. दुखतंय की नाही, हे काही त्याला नीट समजत नव्हतं. एवढंच समजत होतं की आपण हललेलो नाही. पाय रेतीत होते तिथेच होते.

हात थकल्यावर रत्नाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. पदराच्या टोकानं तिनं त्याच्या हनुवटीवरचं रक्त पुसलं आणि ती खोलीकडे चालू लागली. पंढरी अंधार पडेपर्यंत तिथेच उभा होता.

दुसऱ्या दिवशी कामावर विश्राम मुकादमानं त्याचा सुजलेला ओठ पाहिला. मुकादमाचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"म्हंजे बसला व्हता की महादूचा हात," तो म्हणाला. "काल जेवान ग्वाड लागलं नाय मला. म्हनलं, चुकीचा निकाल दिला का काय."

पंढरीनं जमिनीवरचा साखळदंड उचलून खांद्यावर घेतला.

"चांगला बसला व्हता," तो म्हणाला. "तुमचा निकाल बराबर हाय, मुकादम."