सामान्य ज्ञानाचं कव्हर

टेबलावर नुसती पिन होती. स्टेपलरची, वाकडी, अर्धवट दुमडलेली — आणि तिच्या शेजारी, जिथं काल संध्याकाळी मासिकाची प्रत ठेवली होती तिथं, काहीच नव्हतं. प्रणितानं पिन उचलून बोटावर दाबून बघितली. टोचली. म्हणजे प्रत होती, स्वप्न नव्हतं... मग गेली कुठं?

"आई, इथलं जीकेचं पुस्तक कुठंय?"

"अमिताला दिलं की," स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता प्रभावतीबाई म्हणाल्या. "खालची अमिता गं. आरएएसच्या सरकारी परीक्षेला बसतीय ना ती. नोकरी लागल्यावर तुला काय करायचंय ते?"

झालं! करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

कव्हरची युक्ती प्रणिताचीच. खातीपुऱ्याला मैत्रीण सलोनीच्या खोलीवर दर रविवारी पाच-सहा जण जमायचे, पानं दुमडायचे, पिना मारायचे, चहाच्या भांड्यावरून भांडायचे. मासिक होतं मुलींवर जीव जडलेल्या मुलींसाठी, मुलांवर जडलेल्या मुलांसाठी, मुलगा म्हणून वाढवलेल्या पण तसं न वाटणाऱ्यांसाठी — आणि अशा पोरांना घरात लपवायला जागा नसते, गादीखाली आई हात घालतेच. म्हणून बाहेरून 'सामान्य ज्ञान : राजस्थान', सुरुवातीला नद्या, धरणं, किल्ले, आणि मग आपलं. आईबाप जीकेचं पुस्तक उघडत नाहीत, ती म्हणाली होती, उलट कौतुकानं कपाटावर ठेवतात. सगळे हसले होते. शहाणी मोठी! उघडत नाहीत, पण शेजारी वाटतात, हे कसं नाही सुचलं?

आणि नेमक्या याच अंकात... आजवर तिच्या लेखाखाली नुसतं 'प.' असायचं. या वेळी सलोनीनं विचारलं, नाव टाकू? ती म्हणाली, टाक, मोठ्या टाइपात टाक. आमेरहून परतताना बसमध्ये प्रज्ञाचा हात धरला, उतरायचं बनी पार्क आलं तरी सोडवेना, दोघी पुढच्या स्टॉपपर्यंत तशाच बसून राहिल्या — हे सगळं लिहून खाली आपलं नाव, आडनावासकट. किती धीट वाटलं होतं तेव्हा! धीट कसली — वर धरणांचं झाकण होतं म्हणून. घरात ही प्रत उघडणार कोण, हे मनात धरूनच तर नाव दिलं मी. कुणाला फसवतेय?

आता अमिता वाचेल. मग तिची आई. मग जिन्यात कुजबुज, आणि संध्याकाळी बाबा विमा ऑफिसातून वर येतील तेव्हा त्यांना कुणीतरी थांबवेल... खाली जायचं, चुकीचं पुस्तक आलं म्हणायचं, घेऊन यायचं. बस. तिनं एका पायात चप्पल सरकवली आणि तशीच स्वयंपाकघराच्या दारात आली.

"तू उघडून बघितलंस ते?"

"बघितलं की. न बघताच देईन होय?"

प्रणिता चौकटीला टेकली.

"तुझं नाव होतं त्यात, एवढं मोठ्ठं. म्हणून तर दिलं. अमिताची आई सारखी विचारते, पोरगी रविवारी जाते कुठं. म्हटलं बघा, पुस्तकात लिहिते आमची."

"आणि वाचलंस?"

"चष्मा कुठं होता जवळ? बारीक अक्षर मेलं. नाव तेवढं दिसलं."

सुटले, असं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. पण लगेच घशाशी जे आलं तो राग होता, लहानपणी शाळेतलं चित्र आईनं न बघताच छान म्हटल्यावर यायचा तसला. नाव तेवढं दिसलं! त्याच्या वरचे चार शब्द वाचायला काय झालं होतं? अमितानं वाचावं, तिच्या आईनं वाचावं, अख्ख्या जिन्यानं वाचावं, आणि हिनं नाही?

चष्मा फ्रिजवर होता. दुसरी एक प्रत पिशवीत होती, आणि पिशवीही खुंटीला, हाताच्या अंतरावर.

"चप्पल घालून आत काय येतेस? मतलब, निघालीयस की आहेस?"

"बघते," ती म्हणाली. चप्पल तशीच पायात ठेवून तिनं फ्रिजवरचा चष्मा घेतला आणि ओढणीच्या टोकानं पुसू लागली. एक काच कधीच लख्ख झाली होती, तरी ती तीच पुसत राहिली.