सहा तास उशिराचं पिंप

दवाखान्यातून फोन आला तेव्हा वाइनवाल्याचा एक हात ब्रँडीच्या तोटीवर होता. द्राक्षाचा रस अर्धा आंबला की त्यात ब्रँडी सोडायची. मग आंबणं थांबतं आणि उरलेली गोडी रसात राहते. पोर्ट या परदेशी गोड वाइनसारखी वाइन अशीच होते, कुठल्याही मुलखात करा. वेळ चुकली की गोडी गेली. डॉक्टर म्हणाले, तुमची बायको गेली. तो तोटी न उघडताच निघाला. सहा तासांनी परत आला आणि काही सुचेना म्हणून तोटी उघडली.

त्यानंतर तीन वर्षं त्याने त्या पिंपाला तोंड लावलं नाही. बाकीच्या पिंपांची आठवड्याला विचारपूस व्हायची, हे मात्र सावत्र पोरासारखं कोपऱ्यात. शेवटी त्याने भट्टीवाल्याला सांगितलं, घेऊन जा आणि उकळून त्याची दारू काढ. ट्रक दुपारी दोनला येणार होता.

त्याच सकाळी चाखण्याचा कार्यक्रम होता, दरवर्षीचा. पोर्टच्या मुलखाबाहेर जिथे कोणी अशी वाइन करतं, तिथल्या पाच-सहा बाटल्या मागवायच्या, त्यांत घरचीही घालायची, पेल्यांखाली आकडे चिकटवायचे आणि कोणती कुठली ते ओळखायचं. जास्त चुकेल त्याने पेले धुवायचे. बायको होती तोवर वाइनवाल्याचे हात दरवर्षी साबणात.

यंदा टेबलाशी तिघं: तो, त्याची लेक आणि बायकोची धाकटी बहीण. पेले लेकीने भरले.

"मनुका," पहिला घोट घेऊन तो म्हणाला.

"मनुका काय, सगळेच म्हणतात भावोजी. पुढे बोला," मेव्हणी म्हणाली.

दुसरी वाइन लेकीला खोकल्याच्या औषधासारखी लागली. तिसरी आपलीच म्हणून त्याने छाती फुगवली. ती निघाली साता समुद्रापलीकडची.

"स्वतःचं पोर ओळखता येईना, आणि चालले जगाला शहाणपण शिकवायला!" मेव्हणी म्हणाली.

चौथा पेला त्याने नाकाशी नेला. घोट घेतला. गोडी कमी होती, पण भाजलेल्या अक्रोडाची चव जिभेवरून हलेना. एका पेल्याला एकच घोट, हा नियम मोडून त्याने दुसरा घेतला.

"ही कोणाची?"

"आधी कशी आहे ते सांगा."

"करणारा कामात मुरलेला आहे. गोडीच्या मागे लागला नाही. घाई केली नाही त्याने."

"घाई कुठली करतोय," मेव्हणी म्हणाली, "चांगला सहा तास उशिरा आला."

लेक खाली बघायला लागली.

"तू काढलीस?"

"हो बाबा. परवा तुम्ही बाजारात गेला होता तेव्हा."

"न विचारता?"

"विचारलं असतं तर काढू दिली असती?"

त्याला राग आला खरा, पण पेला हातातच होता आणि तो खाली ठेववेना. मग तो हसला. डोळ्यांत पाणी आलं, त्याचा आळ त्याने ब्रँडीवर घातला.

"तुझ्या ताईला आवडली असती?" त्याने मेव्हणीला विचारलं.

"तिने आधी नाक मुरडलं असतं. मग म्हणाली असती, अजून थोडी घाल, नीट कळलं नाही."

दोनला ट्रक आला.

"पिंप कुठंय?" भट्टीवाल्याने विचारलं.

"आहे. पण द्यायचं नाही."

"मग मी आलो कशाला?"

"बसा, एक पेला घ्या," मेव्हणी म्हणाली, "आणि जाताना सांगून जा, काय जाळायला निघाला होता ते."

भट्टीवाल्याने दोन घेतले आणि रिकामा ट्रक घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात त्या पिंपाच्या बाटल्या भरून झाल्या, बुचंही लागली. त्यांवर पोर्ट लिहिता येत नाही, तो शब्द त्या मुलखाचा. बाहेरच्यांनी आपलं वेगळं नाव शोधायचं. पूर्वी ते काम बायकोचं होतं. लेकीने चार नावं सुचवली, मेव्हणीने एक सुचवलं ते छापण्यासारखं नव्हतं. बायकोचंच नाव द्या, असंही कोणी म्हणालं. तो नको म्हणाला, तिला हे असलं खपलं नसतं.

बाटल्या अजून कोऱ्या आहेत. नाव ठरायचं आहे.